मामफळाचे झाड : लागवड, निगा आणि उपयोग

रामफळ व सीताफळ ही दोन नावे ज्या मराठी घरास ठाऊक नाहीत असे घर सापडणे कठीण. त्याच कुळातील तिसरे फळ मात्र आपल्यापैकी पुष्कळांनी अलीकडेच प्रथम पाहिले असेल. रंगाने गर्द हिरवे, आकाराने वेडेवाकडे, अंगावर मऊ वाकडे काटे आणि हाती घेतले तर किलो-दोन किलो सहज भरेल, असे हे फळ आहे. यास मराठीत मामफळ म्हणतात. बाजारात ते लक्ष्मणफळ या नावाने येते आणि काही विक्रेते त्यासच हनुमानफळ म्हणतात.

गेली काही वर्षे पर्वत पाटिया व आसपासच्या सोसायट्यांतील कुटुंबांकडून या झाडाविषयी दोन प्रश्न आम्हांस वारंवार विचारले जातात. पहिला : हे झाड आपल्या अंगणात येईल काय? दुसरा : याच्या पानांचा काढा घेतल्याने कर्करोग बरा होतो असे ऐकतो, ते खरे काय? पहिल्याचे उत्तर ‘होय, परंतु पाण्याचा निचरा असेल तरच’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ही दोन्ही उत्तरे कारणांसह वाचकांपुढे ठेवावीत, एवढ्याच हेतूने हा लेख या महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहीत आहोत.

कूळ व नावे

मामफळाचे शास्त्रीय नाव ॲनोना म्युरिकाटा. सीताफळ म्हणजे ॲनोना स्क्वामोझा आणि रामफळ म्हणजे ॲनोना रेटिक्युलाटा. तिन्ही एकाच प्रजातीगणातील सख्खी भावंडे होत. नावे रामायणातील असली, तरी या झाडांचे मूळ घर अमेरिका खंडाचा उष्ण प्रदेश व त्याजवळची वेस्ट इंडीज बेटे हे आहे. ओव्हिएडो नावाच्या स्पॅनिश ग्रंथकाराने १५२६ मध्येच वेस्ट इंडीजमधील मामफळाचे वर्णन करून ठेवले आहे. पुढे युरोपीय दर्यावर्दी लोकांच्या जहाजांतून ते आफ्रिका व आशिया खंडांतील उष्ण देशांत पसरले.

स्पॅनिश भाषेत या फळास ग्वानाबाना म्हणतात आणि ब्राझीलमध्ये ग्राव्हिओला. डच लोकांनी त्यास ‘झूरझाक’, म्हणजे आंबट पिशवी, असे नाव दिले. इंडोनेशियात आजही ‘सिरसाक’ हे त्याचेच रूप रूढ आहे. सतराव्या शतकात आपल्या सुरतेतही डचांची वखार होती आणि त्यांचे जुने कबरस्थान शहरात अजून उभे आहे. तेव्हा ज्यांनी या फळास आंबट पिशवी म्हटले ते व्यापारी या गावास अपरिचित नव्हते.

नावांच्या घोटाळ्याविषयी मात्र सावध असावे. ‘हनुमानफळ’ या एकाच नावाखाली कोठे मामफळ, कोठे चेरिमोया, तर कोठे सीताफळ व चेरिमोया यांच्या संकरातून झालेले फळ विकले जाते. रोप घेताना नावावर विसंबू नये, झाडाची लक्षणे पाहावीत. मामफळाचे पान जाड, वरून तकतकीत व गर्द हिरवे असते आणि चुरगळल्यास उग्र वास येतो. फळावर मऊ, वाकलेले काटे असतात. सीताफळाप्रमाणे डोळे नसतात व रामफळाप्रमाणे गुळगुळीत सालही नसते. आतील गर पांढरा, तंतुमय व आंबटगोड. सीताफळ हिवाळ्याच्या अखेरीस पाने टाकून उघडे होते. मामफळ वर्षभर हिरवे राहते.

आपली हवा व आपली जमीन

आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे धुळे, जळगाव, नंदुरबार या खानदेशी भागांतून तापीच्या काठाकाठाने येथे आली. तिकडे सातपुड्याच्या उतारावर सीताफळाचे झाड कोणी न लावता उगवते, कोणी पाणी न घालता जगते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पाट्या भरून फळे देते. त्यामुळे ‘सीताफळाचेच भावंड, तेही तसेच वाढेल’ असा आपला सहज समज होतो. हा समज प्रथम दूर केला पाहिजे. सीताफळ हे कोरड्या डोंगराचे झाड आहे. मामफळ हे उष्ण व दमट सखल प्रदेशाचे झाड आहे. कोरड्या, तापलेल्या जागी ते जुनी पाने भराभर टाकते, आणि नवी पालवी येण्याआधीच झाड अशक्त होते.

या दृष्टीने सुरतेची हवा त्यास खानदेशापेक्षा अधिक मानवते. समुद्र जवळ असल्याने हवेत ओलावा असतो. हिवाळा सौम्य असतो, आणि मामफळाचा खरा शत्रू जी गोठविणारी थंडी ती येथे पडत नाही. वर्षाकाठी सुमारे बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो. दोन अडचणी मात्र आहेत. एक, हा पाऊस जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो आणि पुढचे आठ महिने कोरडे जातात. दुसरी अडचण जमिनीची. आपल्याकडील काळी चिकण माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मामफळाची मुळे उथळ व तंतुमय असतात. ती भेगांनी तुटतात आणि साचलेल्या पाण्यात कुजतात.

पर्वत पाटियाच्या रहिवाशांस पाण्याविषयी निराळे सांगावयास नको. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली घेतला होता. नदीचा पूर क्वचित येतो. परंतु मीठी खाडीचे पाणी मोठ्या पावसात आपल्या भागातील सखल गल्ल्यांत शिरते, हा अनुभव पुन्हा पुन्हा येतो. ज्या जागी असे पाणी दोन-चार दिवस उभे राहते, त्या जागी मामफळ लावू नये, हे आमचे स्पष्ट सांगणे आहे. झाड पहिली दोन वर्षे उत्तम वाढेल आणि तिसऱ्या पावसाळ्यात पाने पिवळी पडून वाळून जाईल. मुळे कुजल्यावर खत, औषध, नवस, काहीही उपयोगी पडत नाही.

मग उपाय काय? झाड खड्ड्यात न लावता ओट्यावर लावणे, हा पहिला उपाय. सभोवतालच्या जमिनीपेक्षा दीड ते दोन फूट उंच व किमान पाच-सहा फूट रुंद असा मातीचा ओटा करावा. त्यात काळी माती, कुजलेले शेणखत व जाड रेती मिसळावी. ओट्याच्या कडा विटांनी बांधल्यास विटांच्या सांध्यांतून पाणी बाहेर जाण्यास वाट ठेवावी. तीस सिमेंटने बंद करू नये, नाही तर ओट्याची टाकी होईल. मातीचा सामू पाच ते साडेसहा, म्हणजे किंचित आम्ल, असावा हे उत्तम. आपली माती बहुधा त्याहून अधिक अल्कधर्मी असते, म्हणून शेणखत व पालापाचोळा यांचा हात सैल ठेवावा.

दुसरा उपाय कलमाचा. ॲनोना ग्लाब्रा नावाचे या कुळातील एक झाड दलदलीतही तग धरते. त्याच्या खुंटावर मामफळाचे कलम केल्यास झाड ठेंगणे राहते आणि ओलावाही अधिक सोसते. असे कलम रोपवाटिकेत मिळाल्यास लहान अंगणासाठी अवश्य घ्यावे. सीताफळाच्या खुंटावर बांधलेले मामफळाचे कलम मात्र दीर्घकाळ टिकत नाही. स्वस्त मिळाले तरी ते घेऊ नये.

रोप तयार करणे व लावणे

मामफळ बीपासून सहज येते, आणि घरच्या एक-दोन झाडांसाठी हीच रीत सोयीची आहे. चांगल्या गोडीच्या, पूर्ण पिकलेल्या फळाच्या टपोऱ्या काळ्या बिया घ्याव्यात. धुऊन सावलीत सुकवाव्यात व फार दिवस न ठेवता पेराव्यात. पिशवीत किंवा कुंडीत माती, रेती व शेणखत समभाग घेऊन बी पाऊण-एक इंच खोल घालावे. ओल कायम ठेवल्यास पंधरा ते तीस दिवसांत अंकुर दिसतो. एका पिशवीत दोन बिया घालून पुढे जोमदार रोप तेवढे ठेवावे. रोप एक फुटाचे झाले म्हणजे ते कायम जागी लावण्यास योग्य झाले.

लावणीची वेळ दोन प्रकारे साधता येते. निचरा उत्तम असेल तर जूनच्या अखेरीस, पहिला पाऊस जमिनीत मुरल्यावर लावावे. जागा थोडी संशयास्पद असेल तर पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस लावावे. मग पुढील पावसाळ्यापर्यंत रोपास अंग धरण्यास आठ-नऊ महिने मिळतात.

पूर्ण वाढलेले झाड पंधरा ते तीस फूट उंच होते. म्हणून दोन झाडांत किंवा झाड व भिंत यांत बारा ते पंधरा फूट अंतर असावे. रो-हाउसच्या चिंचोळ्या अंगणात एवढी जागा मिळत नाही, हे आम्ही जाणतो. अशा घरांनी एकच झाड लावावे आणि छाटणीने ते आठ-दहा फुटांत ठेवावे. किंवा चार शेजाऱ्यांनी मिळून सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये एक झाड वाढवावे. गच्चीवर मोठ्या पिंपातही झाड जगते, पण तेथे फळांची आशा बेताचीच ठेवावी. सूर्यप्रकाश भरपूर हवा. तथापि पहिल्या उन्हाळ्यात कोवळ्या रोपावर दुपारच्या उन्हापासून आडोसा करावा, आणि जोराच्या वाऱ्याची जागा टाळावी.

वर्षभराची निगा

पाणी, आच्छादन, खत व छाटणी ही निगेची चार अंगे होत.

पाणी : पहिल्या वर्षी कोरड्या दिवसांत ओट्याची वरची दोन बोटे माती सुकली की पाणी द्यावे. मोठ्या झाडास हिवाळ्यात आठवड्यातून एकदा व कडक उन्हाळ्यात दोन-तीनदा खोल पाणी पुरते. खोडाशी पाणी न ओतता फांद्यांच्या घेराखाली गोल आळे करून तेथे द्यावे, कारण पाणी शोषणारी मुळे तेथे असतात. बोअरचे पाणी खारे असेल तर पावसाचे साठविलेले किंवा नळाचे पाणी अधूनमधून द्यावे. पावसाळ्यात आळे मोडून माती खोडाकडून बाहेर उतरती करावी.

आच्छादन : मुळे उथळ असल्याने त्यांवर ऊन लागू देऊ नये. वाळलेला पाला, उसाचे पाचट किंवा गवत यांचा चार बोटे थर बुंध्याभोवती पसरावा, पण खोडास चिकटू देऊ नये. या एका गोष्टीने उन्हाळ्यातील पानगळ निम्म्याहून अधिक टळते, असे आमचे मत आहे.

खत : घरच्या झाडास पावसाळ्याच्या आरंभी व हिवाळ्याच्या आरंभी एकेक पाटी कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत दिले तरी पुरते. हवाई बेटांत दर तिमाहीस समप्रमाण नत्र, स्फुरद व पालाश असलेले मिश्रखत देतात : पहिल्या वर्षी प्रत्येक खेपेस सुमारे पाव किलो, दुसऱ्या वर्षी सुमारे अर्धा किलो आणि तिसऱ्या वर्षापासून सुमारे सव्वा ते दीड किलो. हा बागायतदारांचा हिशेब झाला. आपण शेणखत देत असल्यास रासायनिक खत याच्या निम्म्याने पुष्कळ झाले.

छाटणी : वाळलेल्या, एकमेकींस घासणाऱ्या व आत वळलेल्या फांद्या फळे निघाल्यावर काढाव्यात. शेंडा खुडून झाड ठेंगणे ठेवले म्हणजे फळ हातास येते. जाड फांद्या सरसकट तोडू नयेत, कारण फूल खोडावर व जुन्या लाकडावरही येते.

कीड-रोगांत पिठ्या ढेकूण हा मुख्य. पांढऱ्या कापसासारखे पुंजके फळाच्या देठाशी व पानांच्या पाठी दिसतात, आणि त्यांच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या येतात. मुंग्या खोडावर चढू लागल्या की ढेकूण आले असे समजावे. थोड्या पुंजक्यांवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारून ते चिंधीने पुसावेत. प्रादुर्भाव अधिक असल्यास निंबोळी अर्क फवारावा. दमट हवेत फळांवर काळे डाग पडून ती वाळतात, हा करपा रोग होय. अशी फळे झाडावर लटकत न ठेवता तोडून दूर पुरावीत आणि झाडात हवा खेळती ठेवावी.

फूल पुष्कळ, फळ थोडे

बीचे झाड तीन ते पाच वर्षांत फळास येते. फुले मांसल, पिवळसर हिरवी असतात व खोडावर, फांद्यांवर कोठेही येतात. येथे पुष्कळांची निराशा होते : फुले गळतात, फळ धरत नाही, किंवा धरले तर एका बाजूने फुगीर व दुसऱ्या बाजूने आखडलेले होते. झाडास दृष्ट लागली असे म्हणून लोक लिंबू-मिरची बांधतात. खरे कारण फुलाच्या रचनेत आहे.

मामफळाच्या फुलात स्त्रीकेसर आधी तयार होतात आणि परागकण नंतर सुटतात. परागकण बाहेर पडतात तेव्हा त्याच फुलातील स्त्रीकेसरांची वेळ टळून गेलेली असते. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्या, नुकत्याच उमलू लागलेल्या फुलात पोहोचला पाहिजे. हे काम निसर्गात लहान भुंगेरे करतात. शहरात ते कमी असतात. शिवाय एक फळ म्हणजे वस्तुतः अनेक लहान फळांचा एकत्र जोड आहे. जितक्या स्त्रीकेसरांस पराग मिळतो तितके भाग भरतात, ज्यांस मिळत नाही ते आखडतात. वेड्यावाकड्या फळाचे रहस्य एवढेच.

हे काम घरातील मुलांनाही करता येईल. पूर्ण उघडलेल्या, पाकळ्या गळू लागलेल्या जुन्या फुलातील पुंकेसर कागदावर झाडून घ्यावेत. त्यांची पिवळसर पूड हीच पराग. चित्रकलेच्या मऊ कुंचल्याने ती पूड, पाकळ्या किंचित विलग झालेल्या ताज्या फुलाच्या मधल्या उंचवट्यावर सर्व बाजूंनी हलकेच फिरवावी. सकाळची वेळ बरी. दहा फुलांवर हे करून पाहावे. फळे भरदार झाली म्हणजे मुलांस पुस्तकातील परागीभवनाचा धडा निराळा शिकवावा लागणार नाही.

एवढे करूनही हे झाड भरघोस देणारे नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. सामान्यतः एका झाडास वर्षास बारा ते चोवीस फळे येतात. मात्र प्रत्येक फळ मोठे असल्याने एका कुटुंबास व दोन शेजाऱ्यांस ती पुरून उरतात.

काढणी

मामफळ झाडावर पिकू देऊ नये. पिकलेले फळ आपल्याच भाराने पडून फुटते, आणि त्याआधी वटवाघळे व पाखरे त्याचा समाचार घेतात. गर्द हिरवा रंग फिका पडून किंचित पिवळसर झाक आली, काटे एकमेकांपासून दूर झाले व साल तुकतुकीत दिसू लागली, की फळ तयार झाले असे समजावे. तेव्हा ते घट्टच असते. देठ थोडा ठेवून कात्रीने कापावे, ओढू नये.

घरात कागदावर किंवा गवतावर ठेवल्यास चार-पाच दिवसांत ते बोटाच्या दाबाने दबेल इतके मऊ होते. तीच खाण्याची वेळ. पिकल्यावर साल काळवंडली तरी घाबरू नये, आतील गर पांढराच असतो. कच्चे फळ शीतकपाटात ठेवू नये. थंडीने साल बिघडते व फळ नीट पिकत नाही. पिकल्यावर मात्र दोन-तीन दिवस तेथे ठेवता येते.

खाडीच्या पुराचे पाणी ज्या फळास लागले असेल ते कितीही चांगले दिसले तरी टाकून द्यावे. त्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते.

स्वयंपाकघरात

शंभर ग्रॅम गरात सुमारे एक्याऐंशी ग्रॅम पाणी, सतरा ग्रॅम कर्बोदके, तीन ग्रॅमहून थोडे अधिक तंतू, वीस मिलिग्रॅम क जीवनसत्त्व व दोनशे अठ्ठ्याहत्तर मिलिग्रॅम पोटॅशियम असते. उष्मांक सहासष्ट. चांगले फळ आहे, परंतु अमृत नव्हे. मधुमेह असलेल्यांनी त्यातील साखर हिशेबात धरावी, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांस विचारल्याशिवाय खाऊ नये.

गर काढण्याची रीत : फळ धुऊन उभे चिरावे, मधला कठीण दांडा काढावा, चमच्याने गर काढून परातीत घ्यावा. हात स्वच्छ धुऊन गर कुस्करावा आणि प्रत्येक बी हाताने वेगळी करावी. एका मोठ्या फळात दीडशे-दोनशे बियाही असू शकतात, म्हणून घाई करू नये. मग थोडे थंड पाणी घालून गर पुरणाच्या चाळणीतून काढावा. बिया असलेला गर मिक्सरमध्ये कदापि फिरवू नये. त्याचे कारण पुढे सांगत आहोत.

सरबत : दोन वाट्या गर, चार वाट्या थंड पाणी, चवीप्रमाणे साखर, चिमूटभर मीठ व अर्ध्या लिंबाचा रस. लिंबाने रंगही काळा पडत नाही. पर्वत पाटियाच्या मे महिन्यात कैरीच्या पन्ह्याशेजारी हे सरबत शोभून दिसेल.

दुधाचे पेय : गार दुधात गर व साखर घालून लगेच प्यावे. दूध गरम असल्यास फळातील आंबटपणाने फाटते. बासुंदीत घालावयाचे असल्यास बासुंदी पूर्ण गार झाल्यावर, वाढण्याच्या वेळी घालावे. गर शिजवू नये, कारण त्याचा सुवास उष्णतेने जातो.

साठवण : गोड न केलेला गर लहान डब्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात घट्ट गोठविल्यास काही महिने राहतो. एकदा वितळविलेला पुन्हा गोठवू नये.

इंडोनेशियात कोवळी, बी न धरलेली फळे भाजीसाठीही वापरतात. आपल्याकडे फळे मुळात थोडी, म्हणून हा प्रयोग वाकडी व अपुरी वाढलेली फळे मिळाल्यासच करावा.

बिया, पाने आणि सावधगिरी

आता महत्त्वाचे. या कुळातील सर्वच झाडांच्या बिया विषारी आहेत. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारण्यासाठी केसांस लावण्याची चाल आपल्या खेड्यांत होती व आहे. ती पूड डोळ्यांत गेल्याने बुबुळास गंभीर इजा झालेले रुग्ण भारतातील नेत्रवैद्यांनी नोंदविले आहेत. मामफळाच्या बियांसही हेच लागू. अख्खी बी चुकून गिळली गेली तर ती बहुधा तशीच बाहेर पडते. बी फुटली वा वाटली गेली तर विष मोकळे होते. म्हणून मिक्सरचा निषेध. बिया मुलांच्या हाती खेळावयास देऊ नयेत.

पाने, बिया व गर यांत ॲनोनासिन नावाचे द्रव्य असते. पेशीला शक्ती पुरविणाऱ्या यंत्रणेचे काम ते बंद पाडते. वेस्ट इंडीजमधील ग्वाडेलूप या फ्रेंच बेटावर हे फळ व त्याच्या पानांचा काढा यांचा वापर मोठा आहे. तेथे कंपवातासारख्या विकाराचे ८७ रुग्ण तपासले असता नेहमीचा कंपवात फक्त २२ जणांस आढळला. बाकीच्या बहुतेकांस निराळ्याच, औषधास दाद न देणाऱ्या प्रकाराने ग्रासले होते. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार एका सरासरी फळात सुमारे १५ मिलिग्रॅम ॲनोनासिन असते. फळ खाल्ले म्हणून कंपवात होतोच, असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु वर्षानुवर्षे रोज घेण्याची ही वस्तू नव्हे, एवढे निश्चित समजावे. हंगामात कधीमधी, कुटुंबात वाटून खाल्लेल्या फळाने भिण्याचे कारण नाही. ज्यांस कंपवात किंवा तत्सम विकार आहे त्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, या झाडाची पाने व त्यांचे काढे टाळावेत.

कर्करोगाविषयी

ॲनोनासिन व त्याच जातीची इतर द्रव्ये प्रयोगशाळेत काचपात्रातील कर्करोगाच्या पेशी मारतात, हे खरे आहे. यावरूनच साऱ्या प्रचाराची इमारत उभी राहिली. परंतु काचपात्रात पेशी मारणारे द्रव्य माणसाच्या शरीरात रोग बरा करतेच असे नाही. काचपात्रातील पेशी तर साध्या स्पिरिटनेही मरतात. औषध ठरण्यासाठी ते रुग्णांस देऊन, इतर उपचारांशी ताडून, लाभ अधिक व अपाय कमी हे दाखवावे लागते. मामफळाच्या बाबतीत असे कोणी दाखविलेले नाही. ब्रिटनमधील ‘कॅन्सर रिसर्च यूके’ ही संस्थाही याने कर्करोग बरा होतो यास विश्वसनीय पुरावा नाही, असेच सांगते. उलट हा काढा रक्तदाब व मधुमेहाच्या औषधांचा परिणाम वाढवू शकतो.

तरीही पानांची पूड, गोळ्या व ‘कर्करोगावर रामबाण’ असे संदेश घरोघर पोहोचत आहेत. वाचकांनी ध्यानात ठेवावे की, औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करणेच निषिद्ध आहे. जो मनुष्य असा दावा छापून वाटतो, तो आपला हितचिंतक नव्हे.

काढ्याने होणारी हानी पोटात होते त्यापेक्षा कॅलेंडरवर अधिक होते. स्तनातील गाठ, तोंडातील न भरणारी जखम, अकारण रक्तस्राव ही लक्षणे दिसल्यावर तीन महिने काढ्यात गेले, तर जो रोग आरंभी शस्त्रक्रियेने निघाला असता तो हाताबाहेर जातो. आपल्या समाजात तंबाखू व मावा यांचे व्यसन अद्याप आहे. तोंडाच्या कर्करोगाचे ते मुख्य कारण आहे, म्हणून हे विशेष लिहावे लागते. पैशाची चिंता हे काढ्याकडे वळण्याचे खरे कारण पुष्कळदा असते, हेही आम्ही जाणतो. २०१८ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वर्षास पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. गुजरात राज्याने ही मर्यादा २०२३ मध्ये दहा लाखांपर्यंत नेली. कर्करोगाचे उपचार त्यात येतात. कार्ड नसल्यास किंवा कागदपत्रांची अडचण असल्यास महापालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात अथवा नव्या सिव्हिल रुग्णालयात चौकशी करावी. आणि एकट्याने जाण्याचा संकोच वाटत असेल, तर समाजातील कार्यकर्त्यांस बरोबर न्यावे. धर्मादाय संस्था याहून निराळ्या कोणत्या कामासाठी असतात?

झाडाचा यात दोष नाही. ते आपल्या परीने सावली देते, फुलते आणि वर्षास वीसेक फळे हाती ठेवते. ज्यांच्या अंगणात पाणी साचत नाही, त्यांनी येत्या सप्टेंबरात एक ओटा बांधावा व एक रोप लावावे. ज्यांच्याकडे पाणी साचते त्यांनी शेजाऱ्याच्या झाडास पाणी घालून फळात वाटा मागावा. सरबत सर्वांनी प्यावे, आणि दुखणे आले तर झाडाकडे न जाता डॉक्टरांकडे जावे.